वाहत्या नदीकाठी

मार्च संपत आला होता. सकाळची शाळा सुरू झाली होती. सहावीच्या वर्गावर माझा उर्दूचा तास होता आणि फळ्यावर मी निबंधाचा विषय लिहिला होता : 'पानी की अहमियत'. दरवर्षी उन्हाळा आला की हा निबंध येतोच. मुद्दे सांगता सांगता मी हदीसमधली ती प्रसिद्ध हकीकत सांगितली. हजरत सअद वजू करत होते. पैगंबरसाहेब तिथून जात होते. त्यांनी विचारलं, ही उधळपट्टी कशासाठी? सअदना नवल वाटलं. वजूसारख्या पाक कामातही इसराफ होतो का, असं त्यांनी विचारलं. उत्तर मिळालं की होय, अगदी वाहत्या नदीकाठी बसून वजू करत असाल तरीही. या हदीसच्या सनदीबद्दल जाणकारांत मतभेद आहेत, हे मला ठाऊक आहे. पण आमच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाने ती लहानपणी कुठल्या तरी मौलवीसाहेबांकडून किंवा आजीकडून ऐकलेली असते.

मुलं माना खाली घालून लिहू लागली. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी मात्र पेनचं टोक चावत बसली होती. तिचे वडील राजपुरीहून जंजिरा किल्ल्यावर पर्यटकांना नेणाऱ्या शिडाच्या होडीवर काम करतात. ती उठून म्हणाली, "मिस, नदी तो बह रही है ना? वो पानी तो समंदर में ही जाएगा. फिर बचा के किसको मिला?"

मी म्हटलं, "सवाब मिला."

"वो तो आदमी को मिला. पानी किसको मिला?"

वर्ग हसला. मीही हसले आणि घड्याळाकडे पाहिलं. बी.एड.ला असताना मुलांच्या जिज्ञासेला खतपाणी कसं घालावं यावर मी पानंच्या पानं उतरवून घेतली होती. जिज्ञासा प्रत्यक्ष समोर उभी राहिली की शिक्षक घंटेची वाट पाहतो, हे त्या पानांत नव्हतं.

प्रश्न मला लागला, कारण त्याचं मूळ माझ्याच घरात होतं.

आमचं घर मुरुडच्या टोकाला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. मागे सुपारी-नारळाची लहानशी वाडी होती. 'होती' म्हणायचं कारण, ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं आणि एका दुपारीत निम्म्याहून जास्त झाडं आडवी करून गेलं. सुपारीचं झाड लावल्यावर हाताशी उत्पन्न यायला वर्षं जावी लागतात. तोवर काय खायचं? मिस्टरांनी कर्ज काढलं, मोकळ्या झालेल्या जागेत दोन खोल्या बांधल्या आणि आम्ही पर्यटकांना राहायला देऊ लागलो. मुंबई-पुण्याची माणसं शनिवार-रविवारी येतात. मे महिन्यात तर मधल्या वारीही खोल्या रिकाम्या राहत नाहीत. घरचं जेवण, सकाळी घावणे, संध्याकाळी समुद्र. कर्जाचा हप्ता त्यातूनच जातो. माझा पगार घरखर्चाला.

पाणी वाडीतल्या विहिरीचं. चिरेबंदी, जुनी, सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेली. पूर्वी तिच्यावर रहाट होता, आता पंप आहे.

कोकणात पाण्याची टंचाई असते हे घाटावरच्या माणसाला सांगितलं तर त्याला खरं वाटत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो, मग पाणी जातं कुठे? ते थांबत नाही, हेच त्याचं उत्तर. डोंगर उभ्या उताराचे, नद्या आखूड. जुलैत सह्याद्रीवर कोसळलेलं पाणी फार तर दोन दिवसांत समुद्राला मिळतं. मुरुडच्या नवाबांना हे कळलं होतं. त्यांनी राणी व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीच्या नावाने गारंबीच्या जंगलात धरण बांधून मुरुडला पाणी आणलं. नाव राणीचं दिलं खरं, पण तहान रयतेची भागली. किनाऱ्यावरच्या विहिरींची कथा तर आणखी नाजूक. इथे जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोडं हलकं, खारं जड. विहिरीची पातळी एक हात खाली गेली, की खालचं खारं पाणी चाळीस हातांपर्यंत वर सरकायला वाट मोकळी होते. म्हणजे आम्ही विहिरीतून नुसतं पाणी उपसत नाही. समुद्राला दाबून धरणारं वजनही थोडं थोडं काढून घेतो.

हे शास्त्र मी पुस्तकात वाचलं ते नंतर. आधी ते मला आमच्या शेजारच्या मावशींनी शिकवलं. मावशी कोळीवाड्यातल्या, वय सत्तरीच्या पुढे. चाळीस वर्षांहून जास्त काळ त्या आमच्या विहिरीवरून रोज सकाळी दोन हंडे पिण्याचं पाणी नेतात. घरी नळ आला तरी डाळ याच पाण्यात शिजते, असं त्यांचं म्हणणं. माझ्या सासूबाई होत्या तेव्हा दोघी विहिरीच्या काठावर बसून तासभर गप्पा मारत. २०२३ च्या मे महिन्यात एका सोमवारी सकाळी त्यांनी ओंजळीत पाणी घेऊन तोंडात घातलं, गुळणी करून थुंकलं आणि भरलेला हंडा तिथेच सुपारीच्या आळ्यात रिकामा केला.

"मास्तरीणबाय, पानी बदललं."

मी चाखून पाहिलं. मला काहीच कळलं नाही. चौथ्या दिवशी चहा फुटायला लागला तेव्हा कळलं. पाणी मचूळ झालं होतं.

त्या शनिवार-रविवारी आमच्याकडे अकरा माणसं होती. समुद्रात डुंबून आलेला माणूस गोड्या पाण्याने अंग धुतल्याशिवाय राहूच शकत नाही, मीठ चरचरतं. अकरा माणसं दिवसातून दोनदा समुद्रात जात होती आणि दोनदा शॉवरखाली उभी राहत होती. गच्चीवरची टाकी दिवसभर भरत होती, पंप घरघरत होता. एका खोलीत तर शॉवर सोडून पोरगा बाहेर येऊन मोबाइल चार्जिंगला लावत होता. मी खिडकीतून पाहिलं आणि बोलले नाही. गिऱ्हाईक होतं ना!

विहीर सातबाऱ्यावर आमच्या नावे आहे. पंप आमचा, विजेचं बिल आमचं. मावशींचा त्या पाण्यावर कागदोपत्री काही हक्क नाही. मग त्यांचा तो आळ्यात ओतलेला हंडा माझ्या डोळ्यांसमोरून का हटत नव्हता? जे पाणी मी खोलीच्या भाड्यात घालून विकलं, त्यात त्यांचे दोन हंडेही होते. त्यांना मी विचारलं नव्हतं.

आमच्याकडे मजहबी जलशांत पाण्यावर बोलताना वक्ते हजरत उस्मान यांच्या विहिरीची गोष्ट हमखास सांगतात. मदिनेत रूमा नावाची विहीर होती, तिचा मालक पाणी विकायचा. हजरत उस्माननी ती विकत घेतली आणि सर्वांना मोफत खुली केली. गोष्ट इथेच संपवतात आणि चंद्याची झोळी फिरते. मला त्यातली दुसरी बाजू जास्त मोलाची वाटते. विहीर विकत घेणाऱ्याने आपली बादली इतरांच्या बादल्यांबरोबरीने विहिरीत सोडावी, अशी ती अपेक्षा होती. म्हणजे पैसे मोजूनही त्याचा हक्क एका बादलीचाच. पंप बसवण्याचा नव्हे, असं मी माझ्यापुरतं जोडून घेतलं.

आणि गोष्टी मदिनेच्याच कशाला हव्यात? आजच्या आमच्याच रायगड जिल्ह्यात महाड आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्या तळ्यावर मुसलमानांना मनाई नव्हती, हे आपण सहसा बोलत नाही. ज्यांना मनाई होती त्यांच्या बाजूने उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडलं. ज्याला पाणी मिळतं त्याला पाण्याचा प्रश्न दिसत नाही. तळ्याच्या काठावर आपणही होतो, आणि आपण भरलेली घागर घेऊन घरी जात होतो.

असो. त्या मे महिन्यात मी जे केलं ते आपण शिकलेली माणसं नेहमी करतो तेच. पाटी लावली. 'पाणी जपून वापरा' मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत, तीनही भाषांत, रंगीत कागदावर. न्हाणीघराच्या दारावर चिकटवली. पाटीचा काही उपयोग झाला नाही. झाला असता तर भारतात एव्हाना सगळे प्रश्न सुटले असते. एका बाईंनी मला स्पष्टच सांगितलं, "वर्षातून दोन दिवस येतो हो आम्ही. तेवढं तरी मोकळेपणाने जगू दे." मला त्यांचा राग आला नाही. तीन तास लोकल आणि बसमध्ये उभं राहून नोकरी करणारी बाई होती ती. तिच्या आनंदावर माझ्या पाटीने वचक ठेवावा, हे मलाच बरं वाटेना. उन्हाळा काय नुसता सोसण्यासाठी असतो? आमच्या किनाऱ्यावर तर तो ताडगोळ्यांचा, करवंदांचा, गच्चीवर चटई टाकून खाऱ्या वाऱ्यात झोपण्याचा काळ. पाणी वाचवा म्हणजे आनंद आवरा, असाच जर हिशेब असेल तर तो हिशेब कोण पाळणार, आणि का पाळावा?

त्याच महिन्यात शेवटच्या आठवड्यात लातूरकडचं एक कुटुंब आलं. नवरा-बायको, आजी, दोन मुलगे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं होतं, ते वाचकांना आठवत असेल. पहिली गाडी गेली तेव्हा दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी गेलं. थोरला मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता. ती गाडी त्याला आठवत नव्हती, पण घरात तिच्या गोष्टी ऐकून आठवते असं तो ठामपणे सांगायचा. त्यांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. आजी पाण्यात घोटाभर उभ्या राहिल्या आणि बराच वेळ तिथून हलेनात. एवढं पाणी आणि एक घोट पिता येत नाही, असं काहीतरी त्या पुटपुटत होत्या.

संध्याकाळी ती बाई मला विचारायला आली, "ताई, पोरांना कुठं धुऊ? पाणी कोणत्या झाडाला जाईल?" मी थक्क झाले. न्हाणीघर आहे, शॉवर आहे, असं मी म्हटलं. तिने मान हलवली आणि मुलांना वाडीत नारळाच्या आळ्यात उभं केलं, एक बादली, एक तांब्या. माझ्या लहानपणी दादी आम्हा भावंडांना असंच उभं करायची. ते मी विसरूनच गेले होते.

इथे मी त्या कुटुंबाला आदर्श ठरवून मोकळी झाले असते. पण दुसऱ्या दिवशी धाकट्याने भरलेली बादली उचलून थेट थोरल्याच्या डोक्यावर ओतली. एक थेंब अंग धुण्याच्या कामी आला नाही. दोघं चिखलात लोळत, किंचाळत हसत होते. आई मारायला धावली. मी तिला अडवलं. का अडवलं, ते त्या क्षणी मला सांगता आलं नसतं. विहीर मचूळ झालेली, मावशी नळाचं पाणी पीत असलेल्या, आणि मी एक पूर्ण बादली वाया जाताना पाहून हसत होते.

मग रात्री गच्चीवर पडल्यावर मी स्वतःशी वाद घातला. बादली वाया गेली का? शॉवर चालू होता तेव्हा त्याच्याखाली कुणीच नव्हतं. ते पाणी कुणाच्या अंगावर पडलं नाही, कुणाला गार वाटलं नाही, कुणी हसलं नाही. ही बादली मात्र दोन पोरांच्या अंगाखांद्यावर, डोळ्यांत, कानांत गेली आणि शेवटी नारळालाही मिळाली. लिटरने मोजलं तर कदाचित दोन्ही सारखी. तरी पहिल्याला मी इसराफ म्हणेन आणि दुसऱ्याला म्हणणार नाही. इसराफ म्हणजे जास्त वापरणं, असं मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवत आले. आता वाटतं की पाणी जात असताना तिथे माणूसच हजर नसणं, हा त्याचा जास्त जवळचा अर्थ असावा.

२०१९ चा रमजान मे महिन्यात आला होता. किनाऱ्यावरची दमट उकाड्याची दुपार, घशाला कोरड. शाळेला सुट्टी होती म्हणून निभावलं. मगरिबच्या अजानला खजूर तोंडात टाकून पाण्याचा पहिला घोट घेतला की तो छातीतून खाली उतरताना जाणवायचा. इतका आनंद मला कुठल्याही सरबताने दिलेला नाही. आणि त्या वेळी अर्धा ग्लास पाणी ओतून टाकणारा माणूस मी पाहिलेला नाही. मात्र तीच माणसं तासाभराने तरावीहसाठी वजूला बसतात आणि नळ पूर्ण सोडून शेजाऱ्याशी बोलत असतात. पैगंबरसाहेब एका मुदात वजू करत, असं हदीसमध्ये येतं. मुद म्हणजे ओंजळभर माप, पाऊण लिटरच्याही आतबाहेर. शाळेत आम्ही एकदा मुलींना नळाखाली बादली ठेवून वजू करायला लावलं. एका मुलीच्या वजूत बादली निम्म्याच्या वर भरली. मग तिलाच लोटा दिला. लोट्यात पाणी उरलं. नळाला वजन नसतं, लोट्याला असतं, एवढाच फरक.

वजनाची ही गोष्ट दुसऱ्या अंगानेही कळते. माझी दादी डोक्यावरून पाणी आणायची. तांदूळ धुतलेलं पाणी भाजीला, भाजी धुतलेलं अळवाला, भांडी विसळलेलं केळीला. आम्ही तिचं कौतुक करतो, जुनी माणसं किती काटकसरी होती म्हणतो. तिला कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, मान दुखते म्हणून. सक्तीच्या काटकसरीला सद्गुण म्हणणं हा सुखवस्तू माणसांचा लाडका उद्योग आहे. ज्याच्याकडे दोनच हंडे आहेत त्याला पाणी वाचवायला सांगणं हा उद्धटपणा होय. म्हणूनच असेल, हदीसमधला माणूस वाळवंटात बसलेला नाही, नदीकाठी बसलेला आहे. ज्याला वाचवण्याची काही गरज नाही, ज्याला कुणी जाब विचारणार नाही, सवाल त्यालाच केला आहे. पंप असलेल्याला. मला.

जून लागला, पाऊस आला, विहीर पुन्हा गोडी झाली. पावसाळ्यात आपण सगळं विसरतो, पण मी मिस्टरांशी बोलायचं विसरले नाही. मी म्हटलं, पुढल्या वर्षी मे महिन्याचे शेवटचे पंधरा दिवस खोल्या बंद ठेवू. ते म्हणाले, "कमाईचा महिनाच तो. हप्ता विहीर भरणार आहे का?" ते चूक नव्हते. दोन-तीन दिवस घरात अबोला होता. शेवटी शॉवर काढून टाकले, बादल्या आणि तांबे ठेवले, न्हाणीघराचं पाणी पाटाने वाडीत सोडलं, आणि मेअखेरीस एकच खोली द्यायची असं ठरलं. शॉवर नाहीत म्हणून काही लोक फोनवरच नाही म्हणतात. काही जण मात्र मुलांना नारळाखाली आंघोळ घालताना फोटो काढतात आणि पुढच्या वर्षी तीच जागा मागतात.

मला वाटलं होतं मावशी खूश होतील. एक खोली बंद ठेवल्याचं कळलं तेव्हा त्या माझ्यावरच उखडल्या. "पावनं कमी केलंस तर माजं सोडं-सुकट कोन घेनार? तू घेशील?" आमच्याकडे येणारी माणसं जाताना त्यांच्याकडून सुकी मासळी नेतात, हे माझ्या हिशेबात आलंच नव्हतं. त्यांच्या पाण्याचा विचार मी केला, त्यांच्या पोटाचा केला नाही, आणि दोन्ही वेळा त्यांना न विचारताच. यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. आता निदान विचारते तरी.

त्या मुलीच्या प्रश्नाचंही मी नीट उत्तर देऊ शकलेले नाही. मध्यंतरी वर्गाची सहल जंजिऱ्याला नेली होती. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि किल्ल्यात गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव. मुलं काठावरून वाकून बघत होती. पाणी आता हिरवं झालं आहे, कुणी पीत नाही. मी तिला म्हटलं, बघ, इथे वेढ्यात अडकलेल्या माणसांना पाणी जपावंच लागलं असेल. ती म्हणाली, "मिस, ये तो मजबूरी थी. मैं तो नदी का पूछ रही थी." तिला विषय बदललेला चालत नाही. मग आम्ही दोघी तटावर बसलो आणि मी तिला लातूरच्या मुलांची बादलीची गोष्ट सांगितली. तिने ती पूर्ण ऐकली आणि विचारलं, त्या छोट्याला मार बसला का?

हे लिहिते आहे तो मे महिन्याचा दुसरा आठवडा आहे. आज सकाळी मावशी नेहमीप्रमाणे आल्या. ओंजळीत पाणी घेतलं, तोंडात घोळवलं, डोळे मिटून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मी स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. खोलीतले पाहुणे चहाची वाट पाहत होते.

"अजून आठ दिस चालंल," त्या म्हणाल्या आणि हंडा भरायला वाकल्या.